दारावरचं काटेरी फूल

आमच्या घरात भिंतीत बांधलेल्या तीन शेकोट्या होत्या आणि एकीतही कधी जाळ झाला नाही. मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे मे महिन्यात फरशीवर पाय ठेववत नाही, तिथे कुणी शेकोट्या कशाला बांधेल, हा प्रश्न पाहुण्यांना पडायचा. आम्हाला ते मोठे कोनाडेच वाटत. एकीत आईने तांदळाचे डबे लावले होते, दुसरीत माझी पुस्तकं, आणि दिवाणखान्यातल्या सगळ्यात मोठ्या शेकोटीत आमचे देव. गणपतीची मूर्तीही तिथेच बसायची. आरती सुरू झाली की टाळांचा आवाज धुराड्यातून वर जायचा आणि छपरावरून बाहेर पडायचा. पलीकडच्या चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "वहिनी, तुमची आरती आभाळातून येते हो." आई लाजायची. मग दुसऱ्या दिवशी आणखी जोरात म्हणायची.

'आमच्या घरात' म्हणते मी, पण ते आमचं नव्हतं. रेल्वेच्या कामावर आलेल्या कुणा स्कॉटिश इंजिनिअराने तो बंगला बांधला होता. पुढे बंगला घाटकोपरच्या एका शेठकडे आला. शेठ तिथे कधी राहिले नाहीत. गिरणी बंद पडल्यावर बाबांना त्यांनी राखणीला ठेवलं आणि मागच्या दोन खोल्या दिल्या. आम्ही त्या दोन खोल्यांतून हळूहळू पुढे सरकत सरकत दिवाणखान्यापर्यंत पोचलो. शेठ वर्षातून एकदा यायचे, देवांना नमस्कार करायचे आणि काही न बोलता जायचे. शेकोटीत देव बसवण्यात आईचा थोडा हिशेबीपणा होता की काय, असं मला हल्ली वाटतं. देव बसलेल्या खोलीतून माणसाला ऊठ म्हणणं कठीण.

त्या साहेबाने घराचा नकाशा आपल्या गावाहून जसाच्या तसा आणला होता म्हणतात. छप्पर उभ्या उताराचं, बर्फ घसरून पडावं म्हणून. दोन्ही बाजूंच्या भिंती छपराच्याही वर जाऊन पायऱ्यापायऱ्यांनी टोकाला मिळायच्या. त्या पायऱ्यांवरून डोंगरातली माकडं चढायची, म्हणून आम्ही त्याला माकडांचा जिना म्हणायचो. एका कोपऱ्यात गोल बुरूज, त्यावर पालथ्या द्रोणासारखं टोपण. आणि साहेबाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे बैठकीच्या सगळ्या मोठ्या खिडक्या त्याने दक्षिणेला ठेवल्या होत्या. त्याच्या देशात दक्षिणेचं ऊन दुर्मीळ, ते घरात यावं म्हणून माणसं धडपडतात, हे मला फार उशिरा कळलं. मुलुंडमध्ये त्या खिडक्यांनी थंडीतसुद्धा दुपारी खोली तापायची. मात्र उत्तरेला, त्याने दूध-लोणी ठेवायला म्हणून बांधलेली एक काळोखी खोली होती. दगडी फळ्या, वितीएवढी खिडकी. उन्हाळ्यात आमचं अख्खं कुटुंब त्या खोलीत जेवायचं. आई सोलकढीचं पातेलं दगडी फळीवर ठेवायची, आणि तासाभराने ती अशी गार व्हायची की फ्रिज आला तेव्हा आम्हाला त्याचं काहीच अप्रूप वाटलं नाही. फळीवर गालही टेकवायचे मी. आई ओरडायची, "गो, ती जेवणाची फळी हा, उशी नाय."

बाबांचं नाव दत्ताराम मेस्त्री. गावाला त्यांच्या घरची गणपतीची शाळा होती, म्हणजे गावचे गणपती जिथे घडतात तो मांडव. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्यांचे हात मातीत. पोट भरत नाही म्हणून मुंबईला गिरणीत आले, पण हात विसरले नव्हते. बोलायचे कमी. आनंद झाला तर हातातली वस्तू उलटीपालटी करून बघायचे आणि खाली ठेवायचे, एवढंच. कुणी त्यांची तारीफ केली तर ते दुसऱ्याच कुणाची तरी तारीफ चाललीय अशा चेहऱ्याने ऐकायचे. मी त्यांची एकुलती मुलगी. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी मोठ्याने धडे वाचायला लागले की काम थांबवून ऐकत बसायचे. समजत काही नव्हतं.

बंगल्याच्या पुढच्या दारावर, पोर्चच्या आत, चुन्यात घडवलेलं एक काटेरी फूल होतं. परातीएवढं. ते स्कॉटलंडचं राष्ट्रीय फूल आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षांच्या रंगसफेदीने ते इतकं बुजलं होतं की मला ते लहानपणी अननस वाटायचं. मी सातवीत असताना एका वादळात पोर्चवर चिंचेची फांदी कोसळली आणि ते फूल खाली आलं. तुकडेसुद्धा धड राहिले नाहीत, नुसता चुरा. शेठना फोन केला तर ते म्हणाले, राहू दे, कोण बघतंय. बाबा चार दिवस त्या दाराने ये-जा करेनात. मागच्या दाराने फिरायला लागले. आईने विचारलं तर म्हणाले, "नाक कापलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघूक होत नाय."

मग एका रविवारी ते मला घेऊन डोंगरावर गेले आणि उत्कटारीची दोन झाडं मुळासकट उपटून आणली. गोल निळसर बोंडाची ती काटेरी वनस्पती सगळ्यांनी पाहिलेली असते. त्यांना जुन्या फुलाचं एवढंच आठवत होतं की ते काटेरी आणि गोल होतं. पडलेला चुरा त्यांनी खलबत्त्यात कुटला, नव्या चुन्यात मिसळला, त्यात गुळाचं पाणी घातलं. "साहेबाचा साहेबाक," म्हणाले. शिडीवर बसून, गणपतीच्या शाळेतल्या लाकडी कोरणीने आणि आईच्या एका चमच्याच्या दांड्याने त्यांनी ते फूल घडवलं. अकरा दिवस लागले. मी खाली उत्कटारी धरून उभी राहायचे आणि बोटांना काटे टोचायचे. पानं घडवताना त्यांचा हात सवयीने मुकुटावर गेला. गणपतीच्या मुकुटाला जशा एकात एक पाकळ्या असतात तशी पानांची रांग झाली. मी म्हटलं, "बाबा, पानं अशी नसतात." ते म्हणाले, "माका अशीच येतत." पुढे सात पावसाळ्यांनी त्या फुलावर शेवाळ चढवलं, आणि ते आधीपासून तिथे असल्यासारखं दिसू लागलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना शेठनी बंगला पाडायला काढला. तिथे टॉवर होणार होता. आम्हाला कुठे जायचं ते माहीत नव्हतं. गावचं घर काकांकडे, मुंबईत दुसरं काही नाही. त्याच सुमारास जुन्या वास्तूंची वारसा यादी करणाऱ्या कमिटीचा एक तरुण आर्किटेक्ट टेप घेऊन आला. दिवसभर मोजमापं घेतली. बाबा बाजारात गेले होते. जाताना तो मला म्हणाला, "तुला खरं सांगू का, यात मूळचं फारसं काही उरलं नाहीये. कौलं नंतरची, खिडक्या नंतरच्या. एकच गोष्ट झकास आहे, ते दारावरचं फूल. पुढच्या आठवड्यात स्कॉटलंडच्या एक अभ्यासक येतायत, त्या बघतील. त्यांनी ते मूळचं आहे म्हटलं तर बंगला यादीत जाईल, मग त्याला कुणी हात लावू शकत नाही. नाही म्हटलं तर वाट लागली."

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. हा पहिला गुन्हा. सांगितलं असतं तर बाबांनी स्वतःच गप्प राहायचं ठरवलं असतं, आणि ते त्यांचं गप्प राहणं झालं असतं. त्यांचा हक्क होता तो. पण त्या वयात मला वाटायचं की इंग्रजीतल्या गोष्टी माझ्या अखत्यारीतल्या आहेत.

बाई आल्या. साठीच्या, उंच, उन्हाने लाल झालेल्या. नाव मिस केर. आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "केर? रोज काढतात तो?" मी हसू दाबत बाहेर आले. आईने घावणे केले होते, नारळाच्या रसाबरोबर. बाईंनी ते हाताने खाल्ले आणि आणखी मागितले, तेव्हापासून आईच्या लेखी त्या घरच्या झाल्या. त्यांनी सगळं घर बघितलं. शेकोटीतल्या देवांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, आमच्याकडेही घराचा जीव इथेच असतो. मला त्या फार आवडल्या. त्या माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, किती सुरेख इंग्रजी आहे तुझं. एवढ्या वर्षांत हे वाक्य मला पुन्हा कुणी म्हटलं नाही. मी आता शाळेत इंग्रजीच शिकवते, तरी.

शेवटी आम्ही पोर्चमध्ये आलो. बाबा कोपऱ्यात उभे होते, धुतलेल्या शर्टात. बाई फुलाकडे बघत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूहळू बोलू लागल्या. हे आमचं फूल नाही, म्हणाल्या. आमच्या फुलाचं बोंड असं नसतं, पानं तर मुळीच अशी नसतात. हे या डोंगरावरचं फूल आहे, आणि पानं तुमच्या देवांच्या दागिन्यांसारखी आहेत. आपल्या देशाचं फूल काढायला बसलेला तो माणूस शेवटी इथलं फूल काढून गेला. किती एकटा असेल, आणि किती प्रेमाने बघितलं असेल त्याने आजूबाजूला. बोलताना त्यांचे डोळे भरले होते.

बाबांना शब्द कळले नाहीत, पण बाई कशाकडे बघून हळव्या झाल्यात ते कळलं. ते दोन पावलं पुढे आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, तेंका सांग, ह्यां मी केलंय. जुन्या पडला तेवा."

आयुष्यात त्यांनी स्वतःहून आपल्या कामाबद्दल बोललेलं मी ऐकलं ते एवढंच.

बाई माझ्याकडे वळल्या. बाबा काय म्हणतात? मी म्हटलं, ते म्हणतात की ते इथे आले तेव्हापासून त्यांनी हे असंच पाहिलंय.

बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग बाबांकडे बघून छातीवर हात ठेवून मान लववली. बाबांना वाटलं ते त्यांच्या कामासाठी आहे. त्यांनीही हात जोडले. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि मी मध्ये उभी होते.

घरासाठी खोटं बोलले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं आज लिहून टाकते. बाईंचे डोळे भरले होते ते एका साहेबाच्या एकटेपणासाठी. ते काम पोर्चच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या राखणदाराचं आहे असं मी म्हटलं असतं, तर त्यांचा चेहरा कसा झाला असता, ते मला बघायचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मी ज्या जागी पोचले होते तिथून मला राखणदाराची मुलगी म्हणून खाली यायचं नव्हतं. कदाचित त्या जास्तच आनंदल्या असत्या. तशाच होत्या त्या. पण मी त्यांना ती संधी दिली नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सांगितलंस मा?"

"सांगितलं. नाव लिहून घेतलं त्यांनी तुमचं."

"पुरा?"

"पूर्ण. दत्ताराम सखाराम मेस्त्री."

त्यांनी हातातला अडकित्ता उलटापालटा करून बघितला आणि खाली ठेवला.

बंगला यादीत गेला. शेठ आम्हाला काही बोलले नाहीत, आणि आम्ही आणखी बरीच वर्षं त्या घरात राहिलो, आरती आभाळात जात राहिली. पण यादीपाठोपाठ पितळी पाटी आली. दाराशेजारी लावली, सगळी इंग्रजीत. तिच्यावर लिहिलं होतं की दारावरचं हे फूल म्हणजे स्कॉटिश कारागिराने स्थानिक वनस्पतीला दिलेली अपूर्व मानवंदना आहे. लावणारे गेल्यावर बाबा, आई आणि मी पाटीसमोर उभे राहिलो. बाबा म्हणाले, "वाच."

मी वाचलं. इंग्रजी ओळींवर डोळे ठेवून मराठीत वाचलं, की हे फूल दत्ताराम सखाराम मेस्त्री यांनी घडवलं. आवाज अडखळला नाही. शाळेत मी वाचनात नेहमी पहिली यायचे.

"खयची ओळ ती?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून चौथ्या ओळीवर ठेवलं.

त्यानंतर दर शनिवारी ते चिंचेने ती पाटी घासायचे. गावाहून कुणी आलं की त्याला दारापाशी नेऊन चौथी ओळ दाखवायचे. एकदा माझा चुलतभाऊ आला, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्याने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो काका, मोठ्ठ्या अक्षरांत आहे." परत जाताना रिक्षा स्टँडपर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. तो एवढंच म्हणाला, "शुभाताय, हे तू कधीतरी निस्तर हां." मी म्हटलं, निस्तरते.

नाही निस्तरलं. माझं लग्न झालं, मोडलं, मी बोरिवलीला फ्लॅट घेतला. बाबांचे गुडघे गेले तेव्हा मी त्या दोघांना माझ्याकडे आणलं. शेठच्या नातवंडांनी बंगला शूटिंगला भाड्याने द्यायला सुरुवात केली, मढ बेटावरचे बंगले देतात तसा. बाबा शेवटच्या आजारात तीन महिने अंथरुणावर होते. रोज दुपारी मी त्यांच्यापाशी बसायचे. पाय चेपायचे, पेपर वाचून दाखवायचे. नव्वद तरी दुपारी झाल्या असतील. प्रत्येक दुपारी मी ठरवायचे आणि प्रत्येक दुपारी पेपर वाचायचे. ते माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवून गेले.

गेल्या डिसेंबरात आईने बंगला बघायचा हट्ट धरला. ब्याऐंशी वर्षांची आहे. शेठच्या नातवंडांनी फाटक उघडून दिलं. आत जुन्या वास्तू दाखवणारा एक मुलगा पंधरावीस जणांना घेऊन उभा होता. गोड मुलगा, मनापासून बोलणारा. पोर्चमध्ये त्याने फुलाची गोष्ट इंग्रजीत सांगितली. घरच्या आठवणीने झुरणारा साहेब, डोंगरावरचं फूल. लोकांनी फोटो काढले. त्याचं लक्ष आईकडे गेलं. मागे उभी, काठी टेकून. "आजी, तुम्हाला मराठीत सांगू का?" म्हणाला. मी म्हटलं, "नको, त्यांना माहीत आहे." पण तो सांगायला लागलासुद्धा. हे फूल बघा आजी, एका स्कॉटिश कारागिराने केलंय.

आई शांतपणे म्हणाली, "हे ह्यांनी केलंय. माझ्या चमच्याने. लिहिलंय की बाजूला."

"नाही हो आजी, तसं नाही लिहिलेलं."

"चौथी ओळ बघ."

त्याने चौथी ओळ बघितली. मग तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. आईसुद्धा.

घरी आल्यावर पाणी पिऊन तिने विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटी पण नाय सांगितलंस?"

"नाही."

ती उठून आत गेली. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीठ दे, गोळी दे. चौथ्या दिवशी, भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "खरं काय लिहिलंय ते वाच आता." पाटीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. मिस केरना मी काय सांगितलं होतं तेही सांगितलं, आणि का, तेही. ते ऐकताना तिने मेथीची काडी दोनदा मोडली.

"कमिटीला लिही," ती म्हणाली.

"आई, ते फूल मूळचं नाही असं कळलं तर बंगला यादीतून जाऊ शकतो. शेठची नातवंडं टपलीच आहेत. पाडतील."

"पाडू देत. मग निदान ह्यांचं पाडतील. दुसऱ्या कुणाचं नाय."

आणि थोड्या वेळाने, "मराठीत लिही. मला वाचता आलं पाहिजे."

त्या रविवारी मी अर्ज लिहिला. हाताने, कारण आईला छापलेलं बारीक दिसत नाही. सगळं लिहिलं. वादळ, चुरा, उत्कटारी, अकरा दिवस, आणि मी चुकीचं सांगितलं हेही, माझ्या सहीने. मग कागद तिच्या पुढ्यात ठेवला. ती म्हणाली, "तू नको वाचू." चष्मा लावून ती खिडकीपाशी बसली आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत स्वतः वाचायला लागली, ओठ हलवत. पहिल्या पानाला खूप वेळ लागला. बाबांच्या नावापाशी थांबली. तिन्ही शब्द दोनदा वाचले. मग पुढे गेली आणि पुन्हा थांबली.

"हे काय लिहिलंयस? दुरुस्ती केली?"

"हो. जुनं पडलं होतं ना."

"जुन्याचा चुरा झाला होता. दुरुस्ती कसली? घडवलं म्हण."

मी पेन घेऊन तो शब्द खोडायला वाकले. तिने कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"खाडाखोड नको," ती म्हणाली. "नवा कागद घे."